न उघडलेली बाटली

३ मार्च
नंदा, तू वही देऊन आठ दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलो. रागावू नकोस. "नमुना कधी, कुठून, कशात भरला, सगळं लिहा बाबा," म्हणाली होतीस. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, हात लवकर चालत नाही.
आज विहिरीचं पाणी भरलं. निवळशंख. वर बंद खाणीचा खड्डा, खाली आपली विहीर. तुझ्या वहिनीला, वैशालीला, सातवा महिना लागला. गेल्या वर्षीचं मूल सातव्यातच गेलं. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. मला पाण्याचा संशय.

६ मार्च, शुक्रवार
म्हापसा. बाजाराच्या गर्दीत पिशवी पोटाशी धरून तुझ्या कॉलेजात. डोळ्याला न दिसणारा प्रकाश पाण्यातून सोडलास. यंत्राच्या कागदावर रेघेला उंचवटा आला. म्हणजे पाण्यात काहीतरी आहे, मी ताडलं. तू बाटली हुंगलीस.
"बाबा, ॲसिटोन फिरवलंत?"
फिरवलं. सुर्ल्याच्या खाणीच्या लॅबमध्ये तीस वर्षं तेच केलं. बाटली धुतली की ॲसिटोन, म्हणजे चटकन सुकते.
"मग हा उंचवटा तुमचा, पाण्याचा नव्हे." हसलीस.
ॲसिटोन तो प्रकाश स्वतःच गिळतं. मागे आणखी काही असलं तरी कळत नाही. आता बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, बस्स. शिवाय डिस्टिल्ड पाण्याची एक सीलबंद बाटली दिलीस. नमुन्याबरोबर न्यायची, आणायची, उघडायची नाही. वाटेत बाहेरचं काही मिसळलं तर तिच्यातही दिसेल.

१२ मार्च
भर दुपारी भरलं. सीलबंद बाटली काठावर ठेवली होती. वाकून पाहिलं तर तळाचे दगड मोजता आले. माझ्या तोंडाचं प्रतिबिंब मात्र पाण्यात नव्हतं. ऊन, म्हातारे डोळे, असेल.
वैशाली म्हणाली, "बाबा, पाणी हल्ली गोड लागता." नळाचं पाणी ती तोंडात धरत नाही.

१३ मार्च, शुक्रवार
आज हसली नाहीस. पाणी हेक्झेन नावाच्या द्रवात घुसळलंस, तो त्या प्रकाशाला आड येत नाही म्हणून. नुसत्या हेक्झेनची रेघ सरळ. विहिरीच्या पाण्याला उंचवटा. मग सीलबंद बाटली घेतलीस. तिलाही तेवढाच. नमुना ठेवायची क्वार्ट्झची नळी तीनदा धुतलीस. लॅबमधल्या डिस्टिल्ड पाण्याची रेघ सरळच.
"बाबा, ही उघडली होती?"
सील तूच तोडलंस ना माझ्यासमोर.
तू सीलचा तुकडा उचलून उजेडात धरलास. मग म्हणालीस, "दुसऱ्या लॅबकडे पाठवते. तोवर वहिनीला ते पाणी नको."

१४ मार्च
विहिरीवर फळ्या, वर दगड. वैशालीला पेडण्याला माहेरी पोचवलं.  उतरताना विहिरीचंच काढलं, "बाबा, बांय उघडी ठेवा."

१६ मार्च
विहीणबाईंचा फोन आला. दोन दिवस वैशालीने पाणी घेतलेलं नाही. नारळाचं नको, सरबत नको. ओठ सुकले. डॉक्टर सलाईन लावूया म्हणतात, ती हात देत नाही. एकच धोसरा, आमच्या बांयचं आणा.
तिचा भाऊ सकाळपासून रिकामा कॅन घेऊन पडवीत बसलाय. "मामा, एक तांब्या तरी द्या. बहीण मरतली माझी." फळ्या काढायला उठतो, परत बसतो. पाजलं आणि पोटातल्या पोराला काही झालं तर? न पाजलं, तर तीच…
तुझा फोन लागत नाही. लॅबमध्ये असशील. याच्याच मोबाईलवरून या पानाचा फोटो पाठवतोय. दुसऱ्या लॅबचं उत्तर आलं असेल नसेल, देऊ की नको एवढंच लवकर कळव. तिचा भाऊ विहिरीवरचे दगड उचलायला लागलाय.