बिब्ब्याची खूण

काळेवाडी,
रविवार, १० ऑगस्ट १९५८

तीर्थरूप आबांच्या चरणी बन्सीचा नमस्कार.

मी आणि तुमची सून रतन, आम्ही दोघं इकडे सुखरूप आहोत. तुमची कंबर आणि आपली गाढवी, दोघींची खुशाली सुमनताईंनी कळवावी. भामा नदीला पाणी चढलं असेल. घाटावरचा तुमचा धुण्याचा दगड बुडाला असेल तर चार दिवस विसावा घ्या. माझं ऐकणार नाही हे ठाऊक आहे, तरी लिहितो.

पिंपरीच्या कारखान्यात माझं काम नीट चाललंय. मी मशीन खात्यात आहे. मोठमोठी मशिनं आहेत, त्यांच्याशी माझं बरं जमतं. त्याबद्दल जास्त काय लिहू.

जास्त लिहायचं आहे ते वेगळंच. मला एक नाद लागलाय. वापरून झालेले ड्यूटीचे तक्ते कारखान्यातून पाठकोरे मिळतात, त्यांवर मी यंत्रांची चित्रं काढतो. घरच्या घरी कपडे धुणारी यंत्रं! सोबत तीन पाठवली आहेत. सुमनताई दाखवतील.

पहिलं बैलगाडीचं. गाडीच्या आसाखाली पिंप टांगायचं, आत कपडे, पाणी आणि सोडा. गाडी बाजाराला चाकणला जाऊन परत आली की धुणं तयार. चिंचवडचा कादर मिस्त्री माझा मित्र आहे, सायकलीपासून इंजिनापर्यंत सगळं दुरुस्त करतो. त्यानं चित्र बघून विचारलं, "भावा, आणि बैल रस्त्यात बसला तर?" त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही सांगा.

दुसरं गोल आहे, मोठ्या भोपळ्याएवढं. त्याला वर नाही, खाली नाही. अंगणात नुसतं लोळवायचं. तिसरं भिंतीतलं कपाट. सदरा खुंटीला अडकवायचा, दार लावायचं, आतून जोराचा वारा सुटणार, आणि जेवण होईपर्यंत सदरा धुऊन, वाळून, घडी होऊन फळीवर. ते सन दोन हजारातल्या लोकांसाठी आहे. तोवर मी नसेन, पण कुणीतरी म्हणेल की हे काळेवाडीच्या बन्सीनं आधीच काढलं होतं.

एक सहज विचारायचं राहिलं. बिब्ब्यानं कपड्यावर खूण केली की वरून चुना कधी लावायचा? लगेच, की खूण वाळल्यावर? मला नको आहे, एक मित्र विचारत होता.

तुम्ही पाठवलेला सदरा अजून टिकून आहे. कॉलर आतून आहे तशीच आहे.

सुमनताई, शाळेचा व्याप सांभाळून तुम्ही आबांना माझी पत्रं वाचून दाखवता, तुमचे उपकार. पण इथून पुढचं मनातल्या मनात वाचा. तीन वर्षांपूर्वी मी घाटावर भर लोकांत आबांना म्हणालो होतो, "लोकांची मळकी कापडं मी जन्मात धुणार नाही." पिळा घातलेलं लुगडं तसंच दगडावर टाकलं आणि निघालो. तेव्हापासून त्यांचा एक शब्द मला आलेला नाही. तुम्ही दर वेळी दोन ओळी लिहिता, "पत्र वाचून दाखवलं, ऐकून घेतलं." या वेळी ते काही बोलले, अगदी शिवी दिली तरी, कळवा. शिवी आली तर मला आनंदच होईल.

आपला आज्ञाधारक,
बन्सी


काळेवाडी,
रविवार, २१ सप्टेंबर १९५८

तीर्थरूप आबांस,

बन्सी आणि रतन यांचा नमस्कार. तुमचं उत्तर आलं! पोस्टमननं हाक मारली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून पत्र चार वेळा वाचलं. सुमनताईंनी तुमचे शब्द आहेत तसे उतरवले, एकही सरळ केला नाही. बरं केलं.

"चुना लगीच लावायचा, वाळायच्या आत. न्हाई तर बिब्बा उततो. आन् त्या मित्राला इचार, मशीन खात्यात बिब्बा कशाला लागतो रं?"

आबा, मित्र कुणी नाही. तो मीच.

आता सांगूनच टाकतो. मी कारखान्यात अर्ज केला तेव्हा त्यात वडिलांचा धंदा विचारला होता. खोटं कसं लिहू? परीट लिहिलं. कारकुनानं ते वाचलं, माझ्याकडे बघून खूश झाला आणि शिक्का मारला. खातं : लाँड्री. आमच्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही, सगळ्यांना रोज पांढरा धुवट कोट लागतो. असे दीडशे कोट तीन वर्षं मी धुतो आहे. मशिनं आहेत हे खरं, पण त्यांत कपडेच असतात. घाटावर मोठ्या तोंडानं बोलून आलो होतो, मग कोणत्या तोंडानं कळवणार होतो?

परतही येऊ शकलो असतो. पण खरं सांगू, मला ते काम आवडलं. ओला कपडा हातात आला की त्याला काय हवंय ते मला कळतं. ते तुमच्याकडून आलंय आणि ते टाकून देता येत नाही, हे मला घरातून पळून गेल्यावर समजलं.

तर झालं असं. कोट एकमेकांत मिसळायचे, रोज सकाळी भांडणं. ह्याचा त्याला, त्याचा ह्याला. मी मनात म्हटलं, ह्यात काय अवघड आहे? बिब्बा आणला, टोचा घेतला आणि सगळ्या कॉलरींना आतून खुणा केल्या. कुणाला न विचारता. परटाच्या पोराला विचारायची गरज काय, नाही का! आणि चुना विसरलो. लहानपणी खुणा तुम्ही करायचात आणि चुना आई लावायची. आई चुना लावते हे मी रोज पाहिलं, पण का लावते हे कधी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी आमचे सुपरवायझर लक्ष्मणराव मान एका बाजूला धरून आले. मानेवर बिब्बा हे एवढं उतलं होतं, लाल फोड आले होते. त्यांच्यामागे आणखी सहा जण, सगळे तसेच मान कलती करून. मला वाटलं नोकरी गेली. मी चूक कबूल केली, खोबरेल तेल आणून दिलं आणि कपाळ धरून तुम्हाला ते पत्र लिहायला बसलो. तुमचा निरोप आल्यावर सगळ्या खुणा पुन्हा केल्या, चुन्यासकट. आता कोट मिसळत नाहीत आणि कुणी खाजवत नाही. गावात पाटलांच्या कपड्यांना असते ती दोन टिंबांची खूण मी लक्ष्मणरावांना दिली आहे. पाटलांना सांगू नका.

आता चित्रांचं. तुम्ही कळवलंत, "समद्या चित्रांत पानी हाय, वारा हाय. भट्टी कुठं हाय? मळ हाणून निघत न्हाई, वाफेनं फुगला की आपसूक सुटतो." सुमनताई लिहितात, तुम्ही ते कागद उलटसुलट करून दोन दिवस बघत होतात.

तुमचा निरोप येण्याआधीच आम्ही गोल यंत्र बनवून बसलो होतो. कादरनं दोन लोखंडी कढया तोंडाला तोंड लावून जोडल्या, मध्ये सायकलची ट्यूब. रतननं हौसेनं आपलं नवं लुगडं आत टाकलं. एकदा लोळवलं, दोनदा लोळवलं, तिसऱ्यांदा ते अंगणातून सुटलं ते उतारावरून थेट पवनेत. पुढे यंत्र, मागे मी, माझ्यामागे कादर ओरडतोय, "भावा, ब्रेक राहिला रे!" आणि काठावर बायका हसून लोळताहेत. लुगडं मिळालं. रतन दोन दिवस बोलली नाही. मी तीन वर्षं नदीपासून लांब पळतो आहे आणि माझं यंत्र सुटल्याबरोबर नदीलाच गेलं.

तेव्हा कढया ठेवल्या बाजूला आणि तुमची भट्टी घेतली. उभं पिंप, खाली चूल, तळाशी सोड्याचं पाणी, त्यावर भोकांचा पत्रा, पत्र्यावर कपड्यांचे थर. घट्ट झाकण. वाफ पुरती झाली की चुलीतली लाकडं ओढायची, वरून गार पाणी सोडायचं आणि आतले कपडे घुसळायला बाहेरचा दांडा फिरवायचा. सायकलची साखळी आहे, त्यामुळे बसून फिरवता येतो. कंबर वाकवावी लागत नाही. हे शेवटचं वाक्य सुमनताईंनी दोनदा वाचावं.

त्यात पहिला कपडा मी कोणता घातला असेल? मी निघून आल्यावर घरच्या दोरीवर माझा सदरा राहिला होता. चौथ्या दिवशी तुम्ही तो धुऊन, घडी करून, एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलात. मला वाटलं, राग गेला. कॉलर उलटी केली तर आत खूण. तीन टिंबं आणि रेघ, नवीन गिऱ्हाइकाला देतात तशी. आबा, परटाच्या घरात घरच्या कपड्यांना खूण नसते. ते न सांगता ओळखू येतात. तुम्ही मला गिऱ्हाईक करून टाकलंत. मी बोललो होतो ते वाईटच होतं, पण त्या दिवशी मी एसटी स्टँडवर उभा राहून रडलो. इतकी वर्षं लिहिलं नाही, आज लिहिलं.

तोच सदरा यंत्रात धुऊन पाठवत आहे. मळ गेला की नाही ते तुम्हीच बघा. खूण मात्र गेली नाही. बिब्बा कोणत्याच यंत्रानं जात नाही, हे मला तुम्ही सांगायला नको.

चुकलं माकलं पोटात घालावं.

आपला,
बन्सी


काळेवाडी,
रविवार, १६ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आबा,

नमस्कार. दिवाळी चांगली झाली. रतननं पिंपयंत्रात अख्ख्या घराचं धुणं एका बैठकीत काढलं, बसल्या बसल्या, शेजारणीशी गप्पा मारत. आता आमच्या ओट्यावर बायकांची रांग असते. कादरनं दुसरं पिंप आणून ठेवलं आहे. तो म्हणतो, ह्याला आता ब्रेकही लावू. याला ब्रेक कशाला, हे विचारायची सोय नाही.

लक्ष्मणराव परवा मुद्दाम बघायला आले होते. मान आता सरळ आहे. वाकून आत डोकावले आणि म्हणाले, "ही वाफेची अक्कल कुणाची?" मी म्हटलं, माझ्या वडिलांची. ते परीट आहेत. एवढं मोठ्यानं मी हे आयुष्यात कधी बोललो नव्हतो. कारखान्यात पुढच्या महिन्यात यंत्राचं चित्र लावणार आहेत. खाली नावं घालायला सांगितली आहेत. मी तुमचं नाव, गेनबा परीट, सगळ्यात वर घातलं आहे.

आणि तुमचं पुडकं मिळालं. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी.

सुमनताईंच्या चिठ्ठीत तुमचा निकाल होता. "मळ निघालाय. बगलेत थोडा ऱ्हायलाय, सोडा कमी पडला." मी हसलो. तुम्ही पूर्ण मार्क द्याल तर तुम्ही आबा कसले! पुढच्या वेळी सोडा वाढवीन.

मग सदरा उलगडला. हाताला काहीतरी वेगळं लागलं. जुनी कॉलर नव्हती. शिवण उसवून ती काढून टाकली होती आणि तिथे नवीन बसवली होती, जाड पांढरी. टाके मोठे आणि वाकडे. हे शिंप्याचं काम नाही. कापडावरून हात फिरवला तेव्हा कळलं. तुमच्या फेट्याचं टोक आहे ते.

ती उलटी करायला मला धीर होईना. शेवटी रतननं केली. आत काही नव्हतं. टिंब नाही, रेघ नाही. कोरी.

आज तोच सदरा अंगात आहे. टाके मानेला जरा टोचतात. टोचू देत.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं येतो आहोत. पिंप कादरच्या ओळखीच्या ट्रकवर टाकून आणतो. घाटावरच्या तुमच्या दगडाशेजारीच मांडू, म्हणजे वाफ चढेपर्यंत तुम्हाला दगडावर बसता येईल. गाढवीलाही सांगा, तिचं ओझं हलकं होणार आहे. तीन वर्षांपूर्वी मी घाटावर जे टाकून आलो होतो ते लुगडं कुणाचं होतं, हे तुमच्या लक्षात असेल. त्या बाईंकडून काहीतरी मळकं मागून ठेवा. ते मी माझ्या हातानं धुईन, यंत्रात नाही.

खुशाली कळवू नका. येऊनच बघतो.

घरचाच,
बन्सी