खिळ्यावरची घोंगडी

मुंबई, ता. १४ डिसेंबर १९३८

तीर्थरूप दादांच्या पायांशी धाकट्या अनंताचा नमस्कार.

बाईजाचे नाव काल मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत दाखल झाले. राहणे, जेवणे तिथेच. मोठ्या बाई मायाळू आहेत. दहा वर्षांत लिहायला, शिवायला शिकेल, असे म्हणाल्या. वरणभात तिने पोटभर खाल्ला. वहिनींचा खोकला कसा आहे? रेड्याच्या पायाला हळद लावता ना?

इथपर्यंत घरात मोठ्याने वाचा. पुढचे तुम्हीच वाचा, बाईजाच्या आईला सांगू नका.

मी मुरबाडच्या बाजाराला निघालो की पोर आधी खुंटीकडे बघते, हे तुम्हाला माहीत आहे. घोंगडी खुंटीवर असली की बाप संध्याकाळी येणार. खांद्यावर गेली की लांब जाणार. एवढे तिला कळते. म्हणून मी घोंगडी तिच्या खाटेवर ठेवली होती. बाई म्हणाल्या, "घरचे कापड इथे चालत नाही, परत न्या." मी ती खांद्यावर टाकली आणि निघालो. चूक ध्यानात आली ती फाटकाशी. वळून पाहिले तर ती दारात उभी होती. रडत नव्हती. घोंगडीकडे बघत होती.

होळीपर्यंत भेट नाही, असा नियम आहे. फाटकावरच्या महादूच्या पाया पडून घोंगडी त्याच्या चौकीबाहेर खिळ्यावर टांगली. तो म्हणाला, "मी काय पांघरत नाय ती. दिसंल पोरीला, जा तू."

मुलींच्या खोलीची खिडकी त्या बाजूला आहे की नाही, हे विचारायचे मात्र राहिले.

आपला,
अनंता