फ्रिजमधला ब्रिगेडियर

तीर्थस्वरूप एनिड मावशीस,

थिओडोराचा नमस्कार. नवा खुबा कसा आहे? (जुन्यापेक्षा बरा वागत असेल. जुना आपल्या घराण्यातला होता, त्यामुळे ऐन वेळी अडून बसणं त्याच्या रक्तातच होतं.) स्कारबरोच्या समुद्री हवेनं तुला भूक लागते, असं तुझ्या लेकीनं कळवलं. ऐकून समाधान वाटलं. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठीक आहोत. म्हणजे होतो.

मावशी, अत्यंत गंभीरपणे विचारते, चारचौघांत मान असलेल्या माणसांनी दूध ठेवायचं कुठे? नोव्हेंबरपासून आमचं दूध, लोणी आणि क्लेमेंटचे सॉसेज मागच्या दाराच्या पायरीवर एका बादलीत मुक्कामाला आहेत. मांजरं येऊन पाहणी करून जातात. पाद्रीबाई चहाला आल्या, तेव्हा दूध गोठलेलं होतं आणि मला ते चमच्यानं फोडून वाढावं लागलं. आणि हे सगळं का? तर घरातला एकुलता एक फ्रिज तुझ्या कासवाच्या ताब्यात आहे! "थंडीपुरता सांभाळ गं, झोपूनच तर असतो," असं म्हणून तू इस्पितळात गेलीस. झोपून असतो हे खरं. त्या झोपेसाठी दुसऱ्या कुणालातरी जागं राहावं लागतं, एवढं सांगायचं तू विसरलीस.

पण थांब, बातमी आधी सांगते, नाहीतर तू चष्मा लावून आधी पत्राचा शेवट वाचशील. उठला! ब्रिगेडियर उठला! आज सकाळी त्याच्या खोक्यातून खरखर आवाज आला, आणि मी हातातली किटली तशीच टाकून धावले. (किटली वाचली. फरशीचं नंतर बघू.)

आता पहिल्यापासून ऐक. तुझ्या सूचनेप्रमाणे आधी काही आठवडे त्याला उपाशी ठेवलं आणि पोट रिकामं व्हावं म्हणून कोमट पाण्यात बसवलं. त्या काळात तो माझ्याकडे असा बघायचा, की मला माझ्या सासूबाईंची आठवण यायची. मग खोक्यात माती घालून थंडीभराच्या झोपेसाठी त्याला फ्रिजमध्ये ठेवलं. आत पाच अंशांच्या आसपास थंडी हवी, वर गेली तर तो अर्धवट जागा होऊन अंगातली सगळी शिदोरी संपवणार, शून्याखाली गेली तर संपलंच. रोज दार उघडून मी चहाच्या फडक्यानं आत वारा घालायचे. दर रविवारी केकच्या तराजूवर त्याचं वजन. क्लेमेंट म्हणायचा, "अगं, माझं वजन कधी केलंस का एवढ्या प्रेमानं?" मी म्हटलं, "तू तराजूवर मावत नाहीस."

फेब्रुवारीत बर्फाचं वादळ झालं आणि आख्ख्या खोऱ्याची वीज गेली. फ्रिज बंद पडला, घर तापवणारी यंत्रणाही बंद पडली. क्लेमेंटनं स्वयंपाकघरातली कोळशाची शेगडी पेटवली, हे नवरा म्हणून योग्यच. पण घटकाभरात फ्रिजच्या आतलं तापमान चढायला लागलं. मी शेगडीवर पाणी ओतलं. क्लेमेंटनं टोपी घातली.

मग खोकं उचलून आमची वरात निघाली. बागेतल्या खोपटात नेलं, तर तिथे बादलीतलं पाणी गोठलेलं. जिन्याखाली नेलं, तर ऊब. न्हाणीघरात ठेवून बघितलं, तिथेही जमेना. शेजारच्या मिसेस ओल्डरॉइड सूपचं पातेलं घेऊन आल्या आणि आम्हाला ओव्हरकोटात, खोक्याभोवती, अंधारात बसलेलं बघून म्हणाल्या, "कोण गेलं?"

"कोणी नाही. झोपलाय," मी म्हटलं.

"अहो, मग त्याला झोपू द्या की! जिन्यावरून वर-खाली काय फिरवताय? पालखी आहे का?"

शेवटी पाच अंशांची जागा सापडली. मावशी, हसू नकोस. आमची निजायची खोली! क्लेमेंट ताज्या हवेचा भक्त. लग्नापासून थंडीतही खिडकी वीतभर उघडी ठेवतो, आणि त्यावरून मी आजवर त्याला काय काय बोलले ते तुझ्या कानांवर आहेच. तापमापक बिछान्यावर ठेवला आणि काटा थेट जिथे हवा तिथे थांबला. म्हणजे इतकी वर्षं मी कासवाच्या फ्रिजमध्ये निजत होते! क्लेमेंटचा चेहरा असा फुलला, की पाहवेना. वीज येईपर्यंत आम्ही तिघं त्या खोलीत राहिलो. खोकं मधोमध, आणि आम्ही दोन बाजूंनी कुडकुडत, पण पांघरूण त्याच्यावर पडू नये म्हणून सावध. मला क्षणभरही शंका आली नाही. तो उठणार हे मला ठाऊकच होतं.

आणि उठला! कोमट पाण्यात ठेवला, तसा मान लांब काढून पाणी प्याला, आणि मग माझ्याकडे बघितलं. मावशी, त्यानं ओळखलं. (क्लेमेंट म्हणतो की तो नळाकडे बघत होता. त्याच्या म्हणण्याला मी किंमत देत नाही, विशेषतः त्याचे स्वतःचेच डोळे पाणावलेले असताना.)

तर आता तू बरी झालीस की तुझं जनावर तू लवकरात लवकर घेऊन जा, एवढंच माझं मागणं.

तुझी भाची,
थिओडोरा

ता. क. "लवकरात लवकर" हे मी किटलीच्या रागात लिहिलं. ईस्टरला त्याला न्यायचं म्हणतेस, पण इतक्या लांबच्या प्रवासानं त्याला त्रास होईल. तुझ्या फ्लॅटमध्ये बागही नाही. इथे क्लेमेंटनं हिरवळीचा सगळ्यांत चांगला तुकडा त्याच्या खाण्याच्या पिवळ्या रानफुलांसाठी सोडलाय. ब्रिगेडियर इथेच राहिला तर चालेल का? तू ये, हवे तेवढे दिवस राहा, त्याला मांडीवर घेऊन बस. पण नेऊ नकोस गं.

आणखी एक ता. क. हे क्लेमेंटला कळवू नकोस. त्या अंधारात खोक्यावर कान ठेवूनही मला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि मी मिसेस ओल्डरॉइडना जिन्यात गाठून म्हटलं होतं की हा आता उठत नाही. त्या म्हणाल्या, उठेल. आलं आणि काकवी घातलेल्या केकची पैज लागली होती. आत्ताच तो केक, अजून गरम होता, त्यांच्या पायरीवर ठेवून आले. दार वाजवलं नाही.