वर श्री नसलेलं पत्र

॥ श्री ॥
कडेगाव, ४ ऑगस्ट १९७४

चि. सौ. विजयमाला हिस नाथाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासूला, राहीला सांग, पलटणीतली कारकुनी सोडून पेन्शनीत आलेला तिचा भाऊ रिकामा बसलेला नाही. चार वर्षं पेन्सिलीने लिहिलेली दीडशे पानं आज रजिस्टर टपालाने पाठवली. दुसरी प्रत नाही. तुझं अक्षर चांगलं, म्हणून शाईने उतरवायचं काम तुझ्या गळ्यात. सांगलीचे छापणारे दिवाळीपर्यंत थांबतील. काचबिंदू थांबायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. एक डोळा गेलाच, दुसऱ्याचाही भरवसा नाही.

गोष्ट माझी, नावही माझंच. सुरुवात मात्र मी मेल्यापासून केलीय. हसू नकोस. राहीला वाचून दाखव, तिची लहानपणची भांडणं सगळी आहेत.

लोभ आहेच, पानं उतरवून तो वाढवावा.

॥ श्री ॥
दहिवडी, २२ ऑगस्ट १९७४

ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. टपाल आलं तेव्हा मी माहेरी होते, तुमचं पत्रही परतल्यावरच माझ्या हाती पडलं. सासूबाईंनी शेजारच्या कोंडीबांकडून वाचून घेतलं. पहिल्या पानावर श्री नाही, आणि खाली लिहिलेलं, हवालदार नाथाजी वारले, कळविण्यास दुःख होते. कोंडीबा पुढे वाचेनात. असलं पत्र घरात ठेवत नाहीत. सासूबाईंनी रडत पान फाडलं, बाकीचा गठ्ठा न्हाणीच्या चुलीत घातला, त्यावर तापलेल्या पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली आणि कडेगावची एसटी धरली.

तुम्हाला ओट्यावर बसलेलं बघून त्या गळ्यात पडल्या, पण वाईट स्वप्न पडलं एवढंच म्हणाल्या. मी कागद विचारले, तर म्हणाल्या, "माजा भाऊ जित्ता हाय. मला कागुद नगोत." काय जळलं ते त्यांना कळलेलं नाही. मी राख चाळली, एक ओळ मिळाली नाही.

मी येऊन राहते. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. सुनेवरचा लोभ कमी करू नये.

कडेगाव, ३ सप्टेंबर १९७४

चि. विजयमाला,

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, समजून घे. येऊ नकोस. आठ दिवस भिंतीला टेकून जुळवून बघितलं. माणसं आठवतात, वाक्यं आठवत नाहीत. ती डोळ्यांनी बघून, खोडून केली होती. आता कागद कुठे संपतो तेही बोटाने चाचपावं लागतं.

पलटणीत असताना मेलेल्या शिपायांच्या घरी अशी कितीतरी पत्रं धाडली, वर श्री न घालता. पुस्तकही त्याच सवयीने सुरू केलं. चूक माझीच. राहीला कधी सांगू नकोस. माझं लिहिलेलं तिने एकटीने खरं मानलं, आता दुसरं कोणी मानायला काही उरलं नाही.

या पत्रावरही श्री घातलेला नाही. वाचलंस की फाडून टाक, आणि अंघोळ करून घे.

नाथाजी