कोंबड्याच्या पिसाची माशी

रविवार, संध्याकाळ. जठारपेठ.

बाबांशी खोटं काहून बोललो मी? मोबाइलवर परदेशात ट्राउट मासे धरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून त्यांनी थरथरत्या हातांनी गळाला आमिष म्हणून कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी बांधली होती. आज पूर्णेवर तिच्याकडे एकही मासा फिरकला नाही. शेवटी मी दुसऱ्या गळाला कणकेची गोळी लावली, तेव्हा रोहू मिळाला. घरी मात्र म्हणालो, "तुमच्याच माशीवर आला, बाबा."

"मले मालूमच होतं. आता काळ्या पिसाची बांधतो."

मासा साफ करताना आईला त्याच्या घशात कणीक सापडली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप फेकून दिली. माझी मान वर होईना.

बाबा आता नवी माशी बांधून राहिले. काळं पीस हलू नये म्हणून आईनं धरून ठेवलंय.