बा डॉक्टरांना न्हाई म्हणाला

तांडा, ता. सेनगाव
२२ सप्टेंबर २०२४

लाडक्या ओमप्रकाश,

जय सेवालाल. वसमतला तू बरा असशील असं धरून लिहिते. इकडं सोयाबीन शेंगांनी लगडलंय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. कपाळावर पांढरा टिक्का हाय. बा म्हणाला, "त्याला एवढं कळव अन् पुरं कर."

एवढं बाचं झालं. पुढचं माझं हाय, त्याला न विचारता लिहिलेलं.

पोळ्याच्या आधी बा तापानं पडला. निरोप आला तशी मी सासरहून आले. डोकं धरून बसायचा, काही खायचा न्हाई. याडी गेली, घरात आईमाणूस उरलं न्हाई, तवापासून दुखणं सांगायची त्याला सवय न्हाई, तुला म्हाईत हाय. तळहातावर, तळपायावर लाल ठिपके उठले तवा घाबरून जीपमध्ये घातलं अन् हिंगोलीला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, अंगाला गोचीड चावली होती का?"

"न्हाई. गोचीड माणसाला काय करते!"

मग ते दुसऱ्याच तापाच्या मागं लागले. रक्त तपासत राहिले.

काहून न्हाई म्हणाला, ते मला मागून कळलं. मागं तू जनावरांच्या गोचीड काढायला दुकानातून चिमटा अन् हातमोजे आणलेस. गोचीड नखानं चिरडू नको, रानातून आल्यावर काखा-जांघा बघत जा, म्हणालास. बानं ते उकिरड्यावर फेकलं. "मला जनावरं शिकवतो का?" म्हणून तुला घराबाहेर काढलं. डॉक्टरांपुढं व्हय म्हणलं असतं तर तू खरा ठरला असतास, ओम. तेवढं त्याला जमलं न्हाई.

ताप वाढला तसा बरळायला लागला. हाका तुलाच. "ओम, काखेत होती रे. नखानंच काढली मी." मी पळत जाऊन नर्सबाईला आणलं. काखेत गोचीड चावल्या जागी काळी खपली निघाली. औषध बदललं, दोन दिसांत ताप उतरला.

जीव वाचला. कान गेले.

दोन्ही. डॉक्टर म्हणतात, थोडं परत येईल, न्हाईतर न्हाई. औषध लवकर पडलं असतं तर, एवढं बोलून ते कागद लिहायला लागतात. हे तुला कळवायचं न्हाई म्हणून बानं मला आन घातलीय.

आता रानात जाताना पुऱ्या बाह्यांचा सदरा घालतो. आला की कपडे बाहेरच झाडतो अन् गोचीड बघायला पाठ माझ्यापुढं करतो. तुझं नाव घेत न्हाई. मीही काढत न्हाई, काढलं तर ओरडून काढावं लागतं, सारा तांडा ऐकतो.

तू फोन करू नको. ये. समोर बसून हळू बोललं की ओठांवरून त्याला थोडं समजतं. चूक त्याची होती, मला मान्य हाय. पण तो आधी बोलणार न्हाई, अन् तुझं लांबून बोललेलं आता त्याच्यापर्यंत पोचणार न्हाई.

बाची आन मोडलेली,
तुझी ताई
निर्मला