पर्लिंगचं विमान

हाँगकाँग विमानतळ
१७ जून १९९१

प्रिय थोरली बहीण आते सोल हिला धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

विमानतळाच्या फरशीवर बसून हे लिहितेय. मनिलाची सगळी विमानं रद्द झालीत. काउंटरवरची मुलगी सांगते की, फुटलेल्या पिनातुबोची राख इंजिनात गेली तर विमान हवेतच बंद पडेल. आपल्या गावामागचा तो डोंगर! त्याच्याकडे कधी कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि आता सगळ्यांची वाट अडवून बसलाय.

मालकिणीने एकाच आठवड्याची रजा दिली आहे, तीही ताताय अंथरुणाला खिळलेत, वडिलांना भेटायचंय असं रडून सांगितल्यावर. ती इथेच संपत चालली. फोन लावला तर तिकडून नुसती खरखर. तातायना सांग, चार वर्षं वाट पाहिलीत, आणखी थोडी पाहा. मी आल्याशिवाय कुठे जायचं नाही. आणि तू सिनिगांगचं सार नीट आंबट कर बाई, मागच्या खेपेला नुसतं पाणी होतं!

इथे माणसांची दाटी आहे, पण ओळखीचं तोंड एक नाही. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पर्लिंग

ओलोंगापो
२९ जून १९९१

चि. पर्लिंग हिला आतेचे अ. उ. आ.

तुझं पत्र फादरांनी इथे, आम्ही आसऱ्याला आहोत त्या शाळेत आणून दिलं. आपलं घर राहिलं नाही. शनिवारी भर दुपारी काळोख झाला. राख आणि पाऊस एकदमच कोसळले, आणि ओल्या राखेच्या भाराने छप्पर खाली बसलं. त्याआधीच शेजाऱ्यांनी तातायना खुर्चीसकट उचलून इथे आणलं होतं.

पोरी, मन घट्ट कर. ताताय गेले. तू फरशीवर बसून लिहीत होतीस, त्याच्या आदल्या दिवशी.

त्यांना त्रास फार झाला नाही. डोंगर गडगडला की म्हणायचे, पर्लिंगचं विमान आलं बघ. आभाळात एकही विमान नाही हे मला सांगवेना. शेवटी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले की, पर्लिंग, किती खरखरीत झाले गं तुझे हात, फार राबवतात का तुला? मी म्हटलं, नाही ताताय, बरं आहे माझं. मग विचारलं, सोल कुठे गेली? मी म्हटलं, पाणी आणायला गेलीय.

पुरलं तेव्हा राख पडतच होती. फादर आणि आम्ही चौघं, छत्र्या धरून. तू स्वतःला बोल लावू नकोस. तब्येत जप.

तुझी,
आते सोल

हाँगकाँग
१२ जुलै १९९१

प्रिय आते, सा. न. वि. वि.

विमानं सुटू लागली आणि माझी रजा संपली. मालकिणीने तिकिटाचे पैसे परत मिळणार का, एवढंच विचारलं. मी भांडी घासायला घेतली. तुझं पत्र आलं त्या रात्री नळ सोडून रडले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आते, माझ्या नावाने तूच त्यांच्यापाशी होतीस. आता मला सगळं कळव. तू पाणी आणायला गेलीस असं म्हटल्यावर ते काय म्हणाले? तू तिथेच पत्र तोडलंस. मी तुला ओळखत नाही होय?

तुझीच,
पर्लिंग

ओलोंगापो
२५ जुलै १९९१

चि. पर्लिंग हिला अ. उ. आ.

लिहिणार नव्हते. स्वतःसाठी काही मागितल्यासारखं होतं ते. पण तू विचारलंस.

मी पाणी आणायला गेलेय म्हटल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, मला ऐकू जाऊ नये म्हणून. म्हणाले की, सोलने माझ्यापायी लग्न केलं नाही, कधी बोलली नाही, पण मला कळत होतं. तिला सांगायला मला तोंड नाही. तू बाहेर राहिलीस, तुला जग ठाऊक आहे; मी गेल्यावर तिला एकटी ठेवू नकोस.

मी पर्लिंग म्हणून हो म्हटलं. मग त्यांनी डोळे मिटले.

निरोप तुला होता. मी मध्येच ऐकला, इतकंच. आता पोचता केला.

पत्र लवकर घाल, मी वाट पाहत शाळेच्या फाटकाशीच असते.

तुझी,
सोल